ठरलेल्या निकालाची कुस्ती आणि तिचा बदलता प्रेक्षक

१८ जानेवारी १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रूनो सामार्तिनो चितपट झाला, तेव्हा भरगच्च सभागृहात ना कोणी ओरडले, ना कोणी शिट्टी मारली. इटलीतून आलेल्या स्थलांतरितांचा हा लाडका पैलवान साडेसात वर्षांहून अधिक काळ अजिंक्यपद राखून होता. इव्हान कोलोफ नावाच्या ‘रशियन’ मल्लाने त्याचे खांदे टेकवले, पंचाने तीनपर्यंत आकडे मोजले आणि अशी शांतता पसरली की आपल्या कानांनाच काही झाले असावे असे सामार्तिनोला वाटले. ही आठवण तो पुढे अनेकदा सांगत असे. दंगल उसळू नये म्हणून कोलोफला रिंगणात विजेत्याचा पट्टासुद्धा देण्यात आला नाही. वास्तविक कोलोफ रशियन नव्हता, तो कॅनडाचा होता, आणि त्या रात्रीचा निकाल दोघांनाही आधीपासून ठाऊक होता.

यानंतर अठरा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, ती लढत भरवणाऱ्याच कंपनीच्या (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या) प्रतिनिधींनी न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सरळ सांगितले की आमची कुस्ती ही खरीखुरी स्पर्धा नसून प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी केलेला खेळ आहे. क्रीडा आयोगाचे परवाने, तपासण्या आणि कर यांतून सुटका व्हावी, हा त्यामागचा हेतू होता. ज्या गुपितासाठी पैलवानांनी शंभर वर्षे मार खाल्ला आणि दिला, ते मालकांनी करसवलतीसाठी उघड केले. अशा कबुलीनंतर हा धंदा बसायला हवा होता, पण त्यानंतरच्याच दशकात तो पूर्वी कधी नव्हता इतका फोफावला. हे कसे झाले हे समजून घ्यायचे, तर रिंगणात काय बदलले यापेक्षा रिंगणाभोवती बसलेला माणूस काय पाहायला येत होता आणि नंतर काय पाहू लागला, इकडे लक्ष द्यावे लागते.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आपल्याकडे दोन मल्लांनी संगनमत करून लढवलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात, आणि हा शब्द राजकारणातही आरोप म्हणूनच वापरला जातो. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात बसलेल्या रसिकाला निकाली कुस्ती हवी असते. ताटकळत बसून शेवटी बरोबरीत सोडवलेली कुस्तीसुद्धा त्याला रुचत नाही, मग ठरवून केलेली तर दूरच. अमेरिकेत ‘प्रो रेसलिंग’ या नावाने जी परंपरा वाढली, तिच्यात मात्र ठरवलेला निकाल हाच नियम आहे. कोण जिंकणार हे ‘बुकर’ म्हणजे कथानक आखणारा माणूस ठरवतो. लढत कोणत्या डावावर संपणार हे दोन्ही मल्लांना माहीत असते. मधला बराचसा भाग ते एकमेकांच्या कानात कुजबुजत, प्रेक्षकांचा कल पाहत जागेवरच रचतात. आणि वेळ संपत आल्याची सूचना अनेकदा पंच देतो. ठरलेला असतो तो निकाल; पडणे मात्र खरेच असते. १९९८ मध्ये पिट्सबर्गला मिक फोली पिंजऱ्याच्या छतावरून सुमारे सोळा फूट खाली टेबलावर कोसळला, तेव्हा गुरुत्वाकर्षणाशी कोणीही संगनमत केलेले नव्हते.

या पद्धतीची मुळे जत्रेत आहेत. १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यानंतर गावोगाव फिरणाऱ्या जत्रांमध्ये कुस्तीचा तंबू असे. तंबूचा मालक आव्हान देई की आमच्या पैलवानापुढे अमुक मिनिटे टिकून दाखवा आणि बक्षीस घ्या. गर्दीत मालकाचाच एखादा माणूस गावकरी बनून उभा असे. तो पुढे येई, थोडक्यात हरे किंवा जिंके, आणि ते पाहून गावातल्या लोकांना पैजा लावण्याचा हुरूप येई. निकाल आधी ठरवण्याची सवय लागली ती इथे, पैजेच्या पैशासाठी. या जत्रेवाल्यांनी आपापसात बोलण्यासाठी एक सांकेतिक बोली केली होती, आणि तिच्यातले शब्द आजही या धंद्यात चालतात. ठरवून केलेले ते ‘वर्क’, खरे ते ‘शूट’, सहज फसणारा प्रेक्षक म्हणजे ‘मार्क’, आणि हे सारे बाहेरच्यांपासून लपवून ठेवण्याचा नियम म्हणजे ‘केफेब’. म्हणजे या धंद्याच्या आरंभी प्रेक्षक हा रसिक नव्हता. तो सावज होता. पुढचा सारा इतिहास या सावजाची बढती कशी होत गेली याचा आहे, असे माझे मत आहे.

खऱ्या कुस्तीला त्या काळात प्रेक्षक नव्हते असे नाही. १९०८ मध्ये शिकागोत फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकेनश्मिट यांची लढत दोन तासांहून अधिक चालली, आणि १९११ मधली त्यांची दुसरी लढत पाहायला तिथल्याच बेसबॉलच्या मैदानात सुमारे ३०,००० लोक जमले होते. अडचण वेगळीच होती. दोन तुल्यबळ मल्ल खरोखर लढले, तर बघणाऱ्याला तासन् तास काहीच घडताना दिसत नाही. आपल्या गामा पैलवानाची १९१० मधली लंडनची कुस्ती याचे उत्तम उदाहरण आहे. पोलंडचा स्टानिस्लाव्ह झ्बिश्को गामाची ताकद ओळखून बराच वेळ मॅटवर पालथा पडून राहिला आणि सुमारे अडीच तासांनी लढत अनिर्णित सुटली. आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीला तो आलाच नाही. १९१६ मध्ये ओमाहा शहरात जो स्टेकर आणि एड ‘स्ट्रँग्लर’ लुईस यांची कुस्ती तर पाच तासांच्या आसपास चालली आणि तिचाही निकाल लागला नाही. तिकीट काढून आलेल्या माणसावर तो एक प्रकारे अन्यायच होता.

यातून १९२० च्या दशकात लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी मार्ग काढला. त्यांनी कुस्तीला वेळेची मर्यादा घातली, मुष्टियुद्धातला आणि जत्रेतला भडकपणा तिच्यात आणला, डोळ्यांत भरतील असे फेकीचे डाव योजले आणि तोच संच गावोगाव फिरवला. निकाल आता पैजेसाठी ठरत नव्हता. पुढच्या महिन्यात लोकांनी पुन्हा तिकीट काढावे म्हणून तो ठरत होता. हा बदल लहान वाटतो, पण त्याने सारे हिशेब पालटले, कारण फसवलेला माणूस परत येत नाही आणि या नव्या धंद्याला तर माणूस परत यायला हवा होता.

या व्यवस्थेला पहिला मोठा दगा झ्बिश्कोनेच दिला. १९२५ च्या जानेवारीत या त्रिकुटाने वेन मन नावाच्या धिप्पाड फुटबॉलपटूला अजिंक्य केले. त्याला कुस्ती फारशी येत नव्हती, पण नाव होते आणि गर्दी खेचण्याची ताकद होती. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात त्याच्यासमोर झ्बिश्को हरण्यासाठी उभा केला गेला होता. पंचेचाळिशी ओलांडलेला हा जुना मल्ल ऐन वेळी खरी कुस्ती लढला, मनला त्याने पुन्हा पुन्हा चीत केले आणि अजिंक्यपद विरोधी गटाच्या हाती नेले. त्यानंतर कित्येक वर्षे प्रवर्तकांनी, म्हणजे लढती भरवणाऱ्या व्यावसायिकांनी, एक खबरदारी घेतली: निकाल ठरवायचा, पण पट्टा मात्र अशाच्या कमरेला बांधायचा ज्याला दगाफटका झाल्यास खरेच लढता येईल. लू थेझ हा त्या प्रकारच्या अजिंक्यवीरांतला सर्वांत नावाजलेला. झ्बिश्कोची कहाणी मात्र १९२८ मध्ये पतियाळात पूर्ण झाली. तिथे गामाने त्याला एका मिनिटाच्या आत आस्मान दाखवले.

१९३० च्या दशकात आपसातल्या भांडणांतून फुटलेल्या माणसांनी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राला ठरवलेल्या निकालांची माहिती पुरवली आणि ती छापूनही आली. म्हणजे ‘हे खोटे आहे’ ही बातमी आज जवळपास नव्वद वर्षांची आहे. तिने गर्दी घटली, पण संपली नाही. पुढेही दर पिढीत कोणीतरी हा गौप्यस्फोट नव्याने करत राहिले आणि दर पिढीत लोक तिकिटे काढत राहिले. यावरून जुना प्रेक्षक भोळा होता असा निष्कर्ष काढणे मला चुकीचे वाटते. पूर्ण विश्वास आणि पूर्ण अविश्वास यांच्या मधली एक जागा असते, ‘बाकीचे जाऊ द्या, पण आजची ही लढत खरी असेल’ असे मनाशी म्हणण्याची. बहुतेक लोक तिथेच बसत असत.

त्या जागेवर टेलिव्हिजनने कोट्यवधी नवी माणसे आणून बसवली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत दूरचित्रवाणी नवी होती, कॅमेरे जड होते, आणि एका रिंगणात दोनच माणसे असणारा हा खेळ चित्रित करायला स्वस्त व सोपा होता. या माध्यमाचे मर्म ओळखले ते जॉर्ज वॅग्नर ऊर्फ गॉर्जस जॉर्जने. सोनेरी रंगवलेले कुरळे केस, झुळझुळीत झगे, पुढे चालत रिंगणात अत्तर फवारणारा सेवक, आणि स्वतःच्या सौंदर्याची अखंड स्तुती. तो पडद्यावर आला की लोक संतापत आणि तो हरलेला पाहण्यासाठी दर आठवड्याला संच लावत. १९६१ मध्ये लास वेगासला तरुण कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, त्याला भेटला आणि तोंडाळ बढाईने सभागृह कसे भरते हा धडा घेऊन गेला. घरी बसलेल्या या प्रेक्षकांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. सभागृहांतही पहिल्या रांगेत वयस्क बायका असत, आणि न्यूयॉर्कमध्ये तर टोपीला लावायची लांब पिन खलनायकांना टोचणारी एक बाई ‘हॅटपिन मेरी’ म्हणून प्रसिद्धच झाली होती.

१९४८ मध्ये आयोवा राज्यातील वॉटर्लू येथे प्रवर्तकांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स ही संघटना स्थापली आणि देश आपसात वाटून घेतला. एका इलाख्यात एकच प्रवर्तक, त्याचे स्थानिक दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला कार्यक्रम, आणि त्या कार्यक्रमाचा उपयोग जाहिरातीसारखा. भांडण पडद्यावर लावायचे आणि त्याचा निकाल पाहायला लोकांना सभागृहात बोलवायचे. ही व्यवस्था जवळजवळ पस्तीस वर्षे टिकली, आणि माझ्या मते प्रेक्षक व पैलवान यांचे नाते या काळात होते तितके घट्ट पुन्हा कधी झाले नाही. नायक आणि खलनायक एका गाडीतून प्रवास करीत नसत, एका खाणावळीत जेवत नसत. खलनायकाच्या गाडीची चाके कापली जात, त्याच्यावर बाटल्या फेकल्या जात, आणि काहींना प्रेक्षकांनी चाकूही मारले. १९ नोव्हेंबर १९५७ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अशी दंगल पेटली की त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये १४ वर्षांखालील मुलांना कुस्ती पाहायला बंदी करण्यात आली.

या संतापामागे समाजाचा नकाशा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘जर्मन’ आणि ‘जपानी’ खलनायकांचे पेव फुटले; त्यांतला फ्रिट्झ फॉन एरिक हा मुळात टेक्सासचा जॅक अ‍ॅडकिसन होता. शीतयुद्धात ‘रशियन’ आले, तेहरानमधील अमेरिकी दूतावासाच्या ओलीस प्रकरणानंतर आयर्न शेख हा खराखुरा इराणी मल्ल सर्वांत तिरस्करणीय ठरला. दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कच्या इटालियन वस्त्यांसाठी सामार्तिनो होता, पोर्तोरिकन लोकांसाठी पेद्रो मोरालेस. अमेरिकेत नवख्या ठरलेल्या माणसाला आपल्यातला कोणीतरी जिंकताना पाहण्याची सोय दुसरीकडे फारशी नव्हती. इथे ती तिकीट काढून मिळत होती. जपानमध्ये रिकिदोझानने हेच राष्ट्रीय पातळीवर केले. युद्धात हरलेल्या देशात, १९५४ मध्ये, चौकाचौकांत लावलेल्या दूरचित्रवाणी संचांपुढे हजारोंची गर्दी जमली आणि एक जपानी मल्ल धिप्पाड गोऱ्या परदेशी मल्लांना तळहाताच्या फटक्यांनी लोळवताना लोकांनी पाहिला. तो स्वतः जन्माने कोरियन होता, आणि ही गोष्ट त्याच्या हयातीत लोकांपासून दडवून ठेवली गेली.

या काळातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना मात्र मेम्फिस शहरातली आहे. तिथल्या एलिस ऑडिटोरियममध्ये कृष्णवर्णीयांना फक्त वरच्या सज्जात बसायची परवानगी होती आणि तिथल्या जागाही मोजक्या होत्या. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पुटनिक मन्रो नावाचा एक गोरा खलनायक मल्ल तिथे आला. तो कृष्णवर्णीयांच्या बील स्ट्रीटवर उघडपणे वावरे, लोकांना तिकिटे वाटे, आणि त्यासाठी पोलिसांनी त्याला पकडलेही. गोरे प्रेक्षक त्याचा जितका द्वेष करीत, तितके कृष्णवर्णीय प्रेक्षक त्याच्यावर जीव टाकत. सज्जा ओसंडून वाहू लागला आणि खाली खुर्च्या रिकाम्या असताना शेकडो माणसे दारातून परत पाठवली जाऊ लागली. तेव्हा आपल्या प्रेक्षकांना हव्या त्या जागी बसू दिले नाही तर आपण लढणार नाही, असे मन्रोने प्रवर्तकाला बजावले. सभागृहातली वर्णभेदाची रेघ पुसली गेली. नागरी हक्कांचे कायदे व्हायला अजून काही वर्षे होती. ज्याला धंद्याच्या बोलीत सावज म्हटले जाई, त्या प्रेक्षकाच्या संख्येने इथे एक सामाजिक नियम मोडला.

आपल्याकडे हीच परंपरा ‘फ्रीस्टाइल’ या नावाने आली. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढतींना मुंबईच्या वरळीतील वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये गर्दी लोटत असे, आणि १९६८ मध्ये तोच लू थेझ मुंबईत दारासिंगकडून हरला. गावच्या मैदानात निकालीच कुस्ती मागणारा आपला रसिक शहरात ही दुसरी कुस्तीही आवडीने पाहत होता, हे विसरू नये.

१९८२ मध्ये व्हिन्स मॅकमहन याने वडिलांकडून न्यूयॉर्कची कंपनी विकत घेतली आणि इलाख्यांच्या सीमा पाळायचे नाकारले. केबल दूरचित्रवाणीमुळे एकच कार्यक्रम देशभर दिसू शकत होता, मग एका शहरापुरते का राहायचे, असा त्याचा हिशेब होता. जानेवारी १९८४ मध्ये हल्क होगनने आयर्न शेखला हरवले. ३१ मार्च १९८५ रोजी ‘रेसलमेनिया’ हा कंपनीचा मोठा वार्षिक कार्यक्रम पहिल्यांदा झाला, ज्यात मुहम्मद अली पंचगिरीला होता आणि पॉप गायिका सिंडी लॉपरही होती. १९८७ मध्ये मिशिगनमधील पाँटियाक येथे होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटले, तेव्हा कंपनीने ९३,१७३ प्रेक्षकांचा आकडा जाहीर केला, जो पुढे अनेकांनी फुगवलेला म्हणून खोडून काढला. मात्र खरा बदल प्रेक्षकाच्या वयात झाला. बाहुल्या, डबे, सदरे, शनिवार सकाळची व्यंगचित्रमालिका अशी सारी रचना लहान मुलांसाठी होती. इलाख्यातला प्रेक्षक दर सोमवारी त्याच सभागृहात त्याच खुर्चीवर बसणारा होता. हा नवा प्रेक्षक देशभर विखुरलेला होता आणि तो सभागृहात येवो न येवो, खेळणे विकत घेत होता. केबल आल्यावर आपल्याकडच्या मुलांनी उंची, वजन आणि क्रमांक छापलेल्या पत्त्यांवरून जी कुस्ती पाठ केली, ती याच कारखान्यातून आलेली.

अशा कारखान्याला केफेब अडचणीचे होऊ लागले. डिसेंबर १९८४ मध्ये डेव्हिड शुल्ट्झ नावाच्या मल्लाने ‘हे खोटे वाटते’ असे म्हणणाऱ्या दूरचित्रवाणी वार्ताहराच्या दोन्ही कानांवर सणसणीत लगावल्या. १९८७ मध्ये रिंगणातले कट्टर शत्रू आयर्न शेख आणि जिम डगन न्यू जर्सीत एकाच गाडीत अमली पदार्थांसह पकडले गेले, आणि धंद्यातल्या जुन्या माणसांना अमली पदार्थांपेक्षा ‘एकाच गाडीत’ या दोन शब्दांची अधिक लाज वाटली. १९८९ ची कबुली त्यानंतरची.

गुपित संपले, आणि त्यासोबत प्रेक्षकाचा एक नवा प्रकार समोर आला. डेव्ह मेल्टझरचे ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’ हे वार्तापत्र १९८० च्या दशकापासून पडद्यामागच्या बातम्या छापत होते आणि लढतींना ताऱ्यांच्या रूपात गुण देत होते. इंटरनेट आल्यावर ही माहिती सर्वांच्या हाती पडली. हा प्रेक्षक ‘कोण जिंकेल’ असे विचारत नव्हता, ‘कोणाला जिंकवणार आहेत आणि ते योग्य आहे का’ असे विचारत होता. सर्व जाणूनही मनापासून ओरडणाऱ्या या माणसासाठी ‘स्मार्ट’ आणि ‘मार्क’ मिळून ‘स्मार्क’ असा शब्द रूढ झाला. फिलाडेल्फियातील एका बिंगो हॉलमध्ये चालणाऱ्या ईसीडब्ल्यू या छोट्या कंपनीने अशाच प्रेक्षकांवर आपला डोलारा उभा केला. तिथे एखादा डाव फसला तर गर्दी घोषणा देऊन हिशेब मागे, आणि उत्तम लढतीला उभे राहून दाद देई, मग जिंको कोणीही.

मोठ्या कंपन्यांनीही हे ओळखले. १९९५ ते २००१ या काळात मॅकमहनची डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि टेड टर्नरच्या दूरचित्रवाणी साम्राज्याची डब्ल्यूसीडब्ल्यू यांचे कार्यक्रम सोमवारी रात्री एकाच वेळी लागत. जुलै १९९६ मध्ये एका पिढीचा नायक असलेला होगन अचानक खलनायक झाला आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी रिंगण कचऱ्याने भरून टाकले. ९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रियलमध्ये याहून विलक्षण प्रकार घडला. कंपनी सोडून चाललेल्या ब्रेट हार्टला आपल्या कॅनडात हरायचे नव्हते. ठरलेला शेवट बाजूला सारून मॅकमहनने त्याने हार मानल्याची घंटा परस्पर वाजवायला लावली. वेन मन आणि झ्बिश्को यांच्या वेळी जो दगा सामान्य प्रेक्षकाला कळलाही नसेल, तसाच दगा आता साऱ्यांना कळला आणि तोच पुढचे कथानक बनला. खरा मालक पडद्यावर खलनायक मालक म्हणून वावरू लागला, आणि स्टीव्ह ऑस्टिन नावाचा कर्मचारी त्याला दर आठवड्याला झोडपू लागला. स्वतःच्या साहेबाचा राग गिळून सोमवारी घरी परतणाऱ्या लाखोंना याहून जवळचे काही नव्हते. या खेचाखेचीची किंमतही मोजली गेली. मे १९९९ मध्ये ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्ट कॅन्सस सिटीत छतावरून दोराने उतरताना पडून मरण पावला, आणि कार्यक्रम तरीही पुढे चालू ठेवला गेला. तो निर्णय मला आजही अक्षम्य वाटतो.

२००१ मध्ये मॅकमहनने डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली, पुढच्या वर्षी कंपनीचे नाव डब्ल्यूडब्ल्यूई झाले, आणि स्पर्धक न उरल्यामुळे प्रेक्षकाला नाराजी दाखवायला दुसरी वाहिनी राहिली नाही. म्हणून ती तो सभागृहातच दाखवू लागला. कंपनीने नायक म्हणून उभा केलेल्या जॉन सीनाला अर्धे सभागृह जयजयकार करी आणि अर्धे तालात धिक्कारी. दोन घोषणा एकमेकींना उत्तर देत पूर्ण लढतभर चालत. मुले आणि स्त्रिया एका बाजूला, तरुण पुरुष दुसऱ्या बाजूला, असे साधारण चित्र असे. जानेवारी २०१४ मध्ये पिट्सबर्गला ‘रॉयल रंबल’ या अनेक मल्लांच्या सामाईक लढतीत प्रेक्षकांचा लाडका डॅनियल ब्रायन घेतलाच नाही असे दिसताच सभागृहाने उरलेल्या सगळ्यांची हुर्यो उडवली. एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ‘रेसलमेनिया’त अजिंक्यपद ब्रायनला मिळाले, आधीची योजना गर्दीने बदलायला लावली होती. संगीत नाटकांच्या काळात ‘वन्समोअर’ देऊन नाटक थांबवून पद पुन्हा म्हणायला लावणारा आपला प्रेक्षक याच जातकुळीचा होता. मात्र त्याला फक्त पद पुन्हा ऐकायचे असे, कथा बदलून मागायची कल्पना त्याला सुचली नव्हती.

स्त्रियांच्या कुस्तीतही असेच झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये अर्ध्या मिनिटात उरकलेल्या एका महिला लढतीनंतर समाजमाध्यमांवर प्रेक्षकांनी ‘यांना संधी द्या’ अशी मोहीम चालवली. ७ एप्रिल २०१९ रोजी ‘रेसलमेनिया’ची शेवटची, म्हणजे मानाची लढत बेकी लिंच, राँडा राउझी आणि शार्लट फ्लेअर या तिघींची झाली. जुन्या खलनायकांचेही दिवस सरले. २००५ मध्ये इटालियन वंशाच्या एका मल्लाला अरब-अमेरिकी खलनायक म्हणून उभे केले गेले होते. त्या जुलैत लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले, वाहिनीला तो प्रकार पचेना आणि ते पात्र गुंडाळावे लागले.

पैशाची वाट मात्र या काळात उलट दिशेने गेली, आणि ही बाब सहसा कोणी समजावून सांगत नाही. इलाख्यांच्या काळात उत्पन्न तिकीट खिडकीवर येत होते, म्हणून प्रेक्षक रुसला की प्रवर्तक उपाशी राही. नव्वदच्या दशकात मोठा पैसा दर महिन्याच्या खास कार्यक्रमासाठी घरबसल्या पैसे भरणाऱ्यांकडून आला. आज मुख्य उत्पन्न प्रसारणहक्कांचे आहे: जानेवारी २०२५ पासून ‘रॉ’ हा साप्ताहिक कार्यक्रम नेटफ्लिक्सवर गेला, आणि त्या कराराची रक्कम दहा वर्षांसाठी सुमारे ५ अब्ज डॉलर आहे. म्हणजे कुस्ती होण्याच्या कित्येक वर्षे आधीच तिचे पैसे ठरलेले असतात. सभागृहातला माणूस आता मुख्य गिऱ्हाईक राहिलेला नाही. मग त्याची गरज कशासाठी उरते?

याचे उत्तर २०२० मध्ये मिळाले. महामारीमुळे त्या वर्षीचा ‘रेसलमेनिया’ एप्रिलमध्ये ऑर्लँडोतील प्रशिक्षण केंद्रात एकाही प्रेक्षकाविना झाला. धडाधड आपटण्याचे आवाज स्पष्ट ऐकू येत होते, पण कोणाला उठायचे, कधी उठायचे, वेदना किती वेळ दाखवायची, हे सांगणारा आवाजच नव्हता. नायक मार खात पडलेला असताना गर्दी टाळ्यांचा ठेका धरते आणि त्या ठेक्यावर तो उठतो, ही या कलेची मूळ लय आहे. ठेका गेला तशी लढतींमधली प्राणवायूची नळीच निघाली. त्यातल्या त्यात गाजली ती अंडरटेकर आणि एजे स्टाइल्स यांची लढत, आणि ती रिंगणात झालीच नाही. एका स्मशानाच्या देखाव्यात, संकलन आणि पार्श्वसंगीतासह, चित्रपटासारखी चित्रित केली गेली. प्रेक्षक काढून घेतला तर कुस्तीचा चित्रपट होतो, हे त्यातून दिसले. ऑगस्टपासून कंपनीने रिंगणाभोवती पडद्यांच्या रांगा लावून घरी बसलेल्या चाहत्यांचे चेहरे दाखवले आणि आवाज ध्वनिमुद्रणातून सोडला. त्या पडद्यांवरचा माणूस दिसत होता, पण त्याला हुर्यो उडवता येत नव्हती. कोणाचा जयजयकार होणार हे ध्वनियंत्रणेपाशी बसलेला तंत्रज्ञ ठरवत होता. कंपनीच्या मनासारखा प्रेक्षक अखेर तिला मिळाला होता, आणि तो कोणालाही नको होता.

१६ जुलै २०२१ रोजी ह्यूस्टनमध्ये सभागृह पुन्हा माणसांनी भरले. कार्यक्रम सुरू होताच सर्वांत आधी व्हिन्स मॅकमहन स्वतः बाहेर आला. लोकांचा गजर ऐकत तो क्षणभर उभा राहिला, आणि मग त्याने त्यांना एकच प्रश्न विचारला: इतके दिवस होतात तरी कुठे तुम्ही?